घरी पर्म करण्याआधी कार्ल नेस्लरची गोष्ट वाचा

संक्रांतीला मी पुण्याहून सेलूला घरी गेलो होतो. चुलत बहीण परभणीच्या कॉलेजला आहे, रोज अप-डाऊन करते. मी बॅग ठेवतोय तोवर तिनं एक डबा माझ्यासमोर आणून ठेवला. ऑनलाइन मागवलेला होता. आत दोन बाटल्या, प्लॅस्टिकचे बारीक रोलर, पातळ कागदांची गड्डी आणि मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं इंग्रजी माहितीपत्रक. गॅदरिंगला रेट्रो डे होता आणि तिला ब्लॅक अँड व्हाइट सिनेमातल्या नटीसारखे कुरळे केस करायचे होते. रील बघून झाल्या होत्या. फोनच्या कॅमेऱ्यानं माहितीपत्रकाचं मराठी भाषांतर करून झालं होतं, पण त्यातलं काही कळत नव्हतं. दादा सॉफ्टवेअरवाला आहे म्हणजे त्याला केसांतलंही कळत असणार, असा तिचा हिशोब.

मला काहीच कळत नव्हतं. पण बाटलीवर अमोनियम थायोग्लायकोलेट हे नाव वाचलं आणि बारावीची केमिस्ट्री थोडी जागी झाली. रात्री वाचत बसलो आणि भलत्याच माणसापाशी जाऊन पोचलो. त्याचं नाव कार्ल लुडविग नेस्लर. आज पर्म म्हणून जे काही आपण ओळखतो, त्याची सुरुवात या माणसापासून होते. मशीन लावून घरी पर्म करायचा किट विकायची कल्पनासुद्धा त्यानं शंभर वर्षांपूर्वी करून बघितली होती. ही पोस्ट त्याच्याबद्दल आहे. आणि थोडी त्याच्या बायकोबद्दल, कारण त्याच्या शोधाचं टेस्टिंग तिच्या डोक्यावर झालं.

मेंढरं बघणारा पोरगा

नेस्लरचा जन्म 1872 चा, जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट भागातल्या टोडनाउ नावाच्या गावातला. बाप चांभारकाम करायचा. डोंगराळ भाग, थंडी, धुकं आणि मेंढ्या. असं सांगतात की या पोराला लहानपणीच एक प्रश्न पडला होता: मेंढीची लोकर पावसात भिजली तरी कुरळीच राहते, मग माणसाचे केस दमट हवेत सरळ का होतात?

प्रश्न बावळट वाटतो, पण आपल्याकडंही बघा. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की जिल्ह्यात कितीतरी शेतांत धनगरांची मेंढरं बसवतात, खतासाठी. आम्ही लहानपणापासून बघतो. रात्रभर दव पडतं, सकाळी मेंढरू ओलं असतं, पण त्याच्या अंगावरची कुरळी लोकर काही इस्त्री केल्यासारखी होत नाही. मी हे शंभर वेळा बघितलं असेल, प्रश्न एकदाही पडला नाही. त्याला पडला.

पोरगा पुढं न्हाव्याचं काम शिकला. गाव सोडून स्वित्झर्लंड, मग पॅरिस असं फिरत गेला. त्या काळात पॅरिसमध्ये मार्सेल ग्रातो नावाच्या कारागिराच्या पद्धतीचा बोलबाला होता. गरम चिमट्यानं केसांना लाटा पाडायच्या. दिसायला सुंदर, पण केस धुतले की सगळं गेलं. म्हणजे बाईनं पुन्हा पार्लरला यायचं, पुन्हा पैसे. नेस्लरला हेच खटकत होतं. त्याला धुतल्यावरही टिकणारा कर्ल हवा होता. या प्रवासात कधीतरी त्यानं नाव बदलून फ्रेंच वळणाचं केलं, चार्ल्स नेस्ले. मॅगीवाल्या नेस्लेशी त्याचा काही संबंध नाही, आधीच सांगून ठेवतो.

1901 मध्ये तो लंडनला आला. तिथं त्यानं खोट्या भुवया-पापण्या बनवायच्या पद्धतीचंही पेटंट घेतलं. म्हणजे आज लग्नात नवरीला ज्या पापण्या चिकटवतात, त्या धंद्याच्या सुरुवातीच्या मंडळींतही हा माणूस आहे. पण मन सगळं कर्लमध्ये.

कॅथरिना

आता मुद्द्याचं. नेस्लरचे प्रयोग 1896 च्या सुमारास सुरू झाले असं मानतात. तत्त्व साधं होतं: केस ओले करायचे, त्यात काहीतरी क्षारयुक्त घालायचं, धातूच्या नळीभोवती घट्ट गुंडाळायचे आणि बराच वेळ उष्णता द्यायची. विग बनवणारे कॉस्टिक सोड्यासारख्या जहाल गोष्टी आधीपासून वापरत होते. पण विगला कातडी नसते. आपल्याकडं अनेकांना हसू येईल, पण सुरुवातीच्या प्रयोगांत त्यानं गाईचं मूत्र आणि पाणी वापरलं असंही सांगितलं जातं. वापरलं असेल तर त्यामागं साधं कारण दिसतं. मूत्र कुजलं की त्यात अमोनिया तयार होतो आणि अमोनिया क्षारयुक्त असतो.

प्रयोग कुणावर करायचा? बायकोवर. कॅथरिना लाइब्ले तिचं नाव. पहिल्या खेपेला तिचे केस जळाले. दुसऱ्या खेपेलाही जळाले, आणि डोक्याची कातडी भाजली ते वेगळंच. त्यानंतरही ती पुन्हा बसली, आणि मग कुठं पद्धत सुधारली.

मी ही ओळ वाचली आणि थांबलो. आमच्या धंद्यात एक वाईट सवय असते, नीट टेस्ट न करता कोड थेट चालू सिस्टिमवर टाकायची. काही बिघडलं तर रोलबॅक करतो, रात्री जागतो, सकाळी सगळं ठीक. इथं रोलबॅक नव्हता. जळलेला केस दुरुस्त होत नाही, तो कापायचा आणि नवा यायची वाट बघायची. केस महिन्याला साधारण 1 सेंटिमीटर वाढतात. त्या काळच्या बायकांचे केस कमरेपर्यंत असायचे. हिशोब तुम्हीच करा. आणि हे एकदा नव्हे, दोनदा.

कॅथरिना पुन्हा का बसली असेल? नवऱ्यावर विश्वास म्हणून, की नाही म्हणायची सोय नव्हती म्हणून? बहिणीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न हाच होता. माझ्याकडं उत्तर नव्हतं. पण आपल्यापैकी कुणी आज घरी बाथरूममध्ये पर्म करत असेल, तर तो पहिल्यांदा कुणाच्या डोक्यावर करून बघितला गेला, एवढं माहीत असायला हरकत नाही.

रॅम आणि स्टोरेज

मेंढीच्या प्रश्नाचं उत्तर नेस्लरला पूर्ण माहीत नव्हतं. ते नंतर कळलं. ही वेबसाइट टेकची आहे, तर आपल्या भाषेत सांगतो.

केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन. त्याच्या लांब साखळ्या शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकींना बांधलेल्या असतात. बांधणी मुख्यतः दोन प्रकारची धरा. एक हायड्रोजन बंध. हा कमजोर. पाणी लागलं की सुटतो, वाळला की जिथं असेल तिथं पुन्हा जुळतो. दुसरा डायसल्फाइड बंध, म्हणजे गंधकाचे दोन अणू एकमेकांना धरून बसलेले. हा पाण्यानं सुटत नाही.

हायड्रोजन बंध म्हणजे फोनची रॅम. वेणी घालून झोपलात, सकाळी सोडली तर लाटा दिसतात, केस धुतले की रीस्टार्ट. कर्लिंग मशीन, मार्सेलचा चिमटा, हेअर ड्रायर, सगळं रॅममध्ये. डायसल्फाइड बंध म्हणजे स्टोरेज. तिथं लिहिलं ते कितीही धुतलं तरी राहतं. मेंढीच्या लोकरीचा कुरळेपणा ती वाढतानाच स्टोरेजमध्ये लिहिला जातो. तुमच्या केसांचा सरळपणाही तसाच.

नेस्लरची उष्णता, पाणी आणि क्षार मिळून या स्टोरेजमध्ये ढवळाढवळ करत होते, अगदी आंधळेपणानं. किती बंध तुटले, किती पुन्हा जुळले, मोजायची सोय नाही. थोडं कमी झालं तर कर्ल बसत नाही, जास्त झालं तर केसच हातात.

झुंबराला टांगलेली बाई

1905-06 च्या सुमारास नेस्लरनं लंडनमध्ये आपली पद्धत लोकांना करून दाखवली. त्याच्या यंत्राचं वर्णन वाचून मला आधी खोटंच वाटलं. पितळेचे सुमारे 12 रोलर, प्रत्येक जवळपास 900 ग्रॅमचा. म्हणजे सगळे मिळून 11 किलोच्या आसपास. प्रत्येकात वीज सोडून तो 100 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापवायचा. एवढं तापलेलं पितळ डोक्याला टेकू नये म्हणून वर झुंबरासारख्या सांगाड्यातून वजनं आणि दोऱ्या सोडून ते अधांतरी तोललेलं. विहिरीच्या रहाटाला समतोल असतो ना, तसा. आणि बाई त्याखाली सहा तास न हलता बसलेली.

सहा तास! फोन नाही, रील नाही.

बाकीच्या केशकलाकारांनी फार उत्साह दाखवला नाही. मला त्यात नवल वाटत नाही. दर आठवड्याला केस कुरळे करून देणं हे ज्यांचं उत्पन्न, त्यांना सहा महिने टिकणारा कर्ल कशाला आवडेल? पण गिऱ्हाईक हळूहळू आलं, यंत्र सुधारत गेलं, 1909 पासून ते लंडनमध्ये रीतसर वापरात होतं.

मग 1914 चं महायुद्ध. नेस्लर जर्मन, राहतोय लंडनमध्ये. इंग्रजांनी त्याला शत्रू देशाचा नागरिक म्हणून कैदेत टाकलं, मालमत्ता गेली. तो तिथून निसटला आणि 1915 मध्ये खोट्या नावानं जहाजाचं तिकीट काढून न्यूयॉर्कला पोचला. तिथं बघतो तर त्याच्या यंत्राच्या शेकडो नकला आधीच चालू. बऱ्याच धड चालत नव्हत्या. म्हणजे माणूस पोचायच्या आधी त्याचं पायरेटेड व्हर्जन पोचलेलं.

त्यानं पुन्हा शून्यातून दुकान मांडलं, न्यूयॉर्कच्या ईस्ट 49 व्या रस्त्यावर. मग शिकागो, डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, पाम बीच. आणि 1920 च्या दशकात त्यानं घरच्या विजेवर चालणारं छोटं यंत्र काढलं, किंमत 15 डॉलर. पार्लर नको, सहा तासांचं झुंबर नको, स्वतःच स्वतःचे केस करा. आमच्या सेलूतल्या डब्याचा हा पणजोबा.

पण गंमत अशी की तेव्हाच फॅशन पालटली. बायकांनी केस कापून बॉब केला. नेस्लरची पद्धत मुळापासून टोकाकडं गुंडाळत जायची, ती लांब केसांना सोयीची. आखूड केसांना टोकाकडून मुळाकडं गुंडाळणारी पद्धत दुसऱ्यांनी आणली आणि बाजार त्यांच्याकडं सरकला. 1928 मध्ये शिकागोच्या मार्जोरी जॉयनर या कृष्णवर्णीय महिलेनं एकाच वेळी अनेक रॉड तापवणाऱ्या यंत्राचं पेटंट मिळवलं. मांसाचा मोठा तुकडा शिजवताना आत खुपसतात त्या सळया बघून तिला कल्पना सुचली म्हणे. तिच्यावर वेगळी पोस्ट व्हायला पाहिजे, खरंतर.

नेस्लरनं त्याच वर्षी केसांच्या इतिहासावर एक पुस्तक काढलं. पुढच्याच वर्षी, 1929 ला अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्याची बरीचशी कमाई त्यात बुडाली. 1951 च्या जानेवारीत न्यू जर्सी राज्यातल्या हॅरिंग्टन पार्क इथं तो वारला. तोवर त्याचं गरम यंत्र जुनाट झालं होतं. 1940 च्या दशकात वीज-उष्णता काहीच न लागणारा कोल्ड वेव्ह आला. टोनी नावाचा घरगुती किट अमेरिकेत इतका खपला की 1948 मध्ये जिलेट कंपनीनं तो धंदा 2 कोटी डॉलरला विकत घेतला. ते रसायन म्हणजे थायोग्लायकोलेट. तेच, जे आमच्या डब्यात होतं.

डब्यातल्या दोन बाटल्या

एक नंबरची बाटली डायसल्फाइड बंधांचा काही भाग सोडते. केस त्या वेळी मऊ पडतात आणि रोलरच्या आकाराला राजी होतात. मग पाण्यानं नीट धुवायचं, रोलर न काढता. दोन नंबरच्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते सुटलेले बंध नव्या जागी पुन्हा जोडतं. माझ्या भाषेत पहिली बाटली फाइल एडिटला उघडते, दुसरी सेव्ह करते. दुसरी विसरलात किंवा घाईत उरकली तर कर्ल तर बसत नाहीच, केसही कमजोर राहतात. पहिली जास्त वेळ ठेवली तर इतके बंध सुटतात की जोडायला काही उरत नाही.

बहिणीला हे सगळं पटलं. मग मी सहज विचारलं की आधी केसांना काय काय केलंय. तर कळलं की दहा महिन्यांपूर्वी एका लग्नासाठी रिबाँडिंग केलं होतं.

रिबाँडिंग म्हणजे हीच केमिस्ट्री, फक्त उलट्या दिशेनं. बंध सोडायचे, केस सरळ ताणून इस्त्री करायची, बंध जोडायचे. म्हणजे त्या केसांच्या स्टोरेजवर एकदा लिहून झालं होतं. काकूंचं म्हणणं पडलं की करू दे, पोरीची हौस आहे, केस काय परत येतील. बहीण माझ्याकडं बघत होती. माझ्या डोक्यात ती दोनदा भाजलेली बाई.

मग आम्ही माहितीपत्रकात अगदी तळाशी लिहिलेलं एक काम केलं, जे एकाही रीलमध्ये दाखवलेलं नव्हतं. थोड्या केसांवर आधी चाचणी. तिच्या फणीत अडकलेले वीस-पंचवीस केस घेतले. मुळाकडच्या टोकाला बारीक पांढरा ठिपका असतो, त्यावरून सगळे एका दिशेला लावले, दोऱ्यानं बांधले, रोलरला गुंडाळले. हातात ग्लोव्ह्ज, खिडकी उघडी, धातूची वाटी न घेता प्लॅस्टिकची. एक नंबर लावून 15 मिनिटं.

वास कसला होता विचारू नका. सडकी अंडी आणि अमोनिया एकत्र.

धुतलं, दुसरी बाटली लावली, पुन्हा धुतलं, रोलर काढला. मुळाकडचा बोटभर भाग, म्हणजे गेल्या दहा महिन्यांत नवा आलेला, छान वळला होता. स्प्रिंगसारखा. त्यापुढचा रिबाँडिंगवाला भाग ओल्या शेवईसारखा लिबलिबीत झालेला. बहिणीनं एक केस दोन बोटांत धरून हलका ओढला. तो रबरासारखा ताणला गेला आणि तुटला. दुसरा ओढला, तोही तुटला. एकाच केसावर सीमारेषा आखल्यासारखं दिसत होतं. ती काही बोलली नाही, फणी घेऊन आत गेली.

तुमच्यापैकी कुणी करणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. रिबाँडिंग, स्मूदनिंग, ब्लीच झालेले केस असतील तर हा डबा उघडू नका. काही स्वस्त काळ्या मेंदीत आणि डायमध्ये धातूंचे क्षार असतात, त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापून तुटू शकतात. डोक्यावर जखम, खाज असेल तर नको. कानामागं थेंबभर लावून 48 तास वाट बघा, लाल झालं तर विषय संपला. आणि फणीतल्या केसांवर चाचणी, याला पैसा लागत नाही.

आता रेट्रो डेचं काय? काकूंनीच मार्ग काढला. जुन्या सुती साडीच्या बोटभर रुंदीच्या चिंध्या फाडल्या. केस ओले नाही, नुसते ओलसर केले, एकेक बट चिंधीवर गुंडाळून गाठ मारली. अशा अठरा गाठी. रात्रभर ती डोक्याला रुमाल बांधून झोपली. हे सगळं रॅममधलं काम, हायड्रोजन बंधांचं, त्यामुळं हवा कोरडी असणं महत्त्वाचं. जुलैत हे परभणीच्या स्टँडपर्यंतही टिकलं नसतं. पण जानेवारी होता. मराठवाड्यात सगळ्यात गारठा कुठं, तर कृषी विद्यापीठाचा आकडा बघा असं पेपरात येतं, ते दिवस. सकाळी गाठी सोडल्या, बोटांनीच मोकळं केलं, फणी लावली नाही. काकू तर बघतच राहिल्या.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा डाव्या बाजूचे कर्ल निम्मे उतरले होते. तिला त्याचं काही नव्हतं, फोटो काढून झाले होते.

डबा कपाटावर तसाच आहे. तिनं हिशोब केलाय: दर तीन महिन्यांनी टोकं कापत गेली तर रिबाँडिंगचा भाग पूर्ण जायला अजून साधारण दीड वर्ष. फोनमध्ये रिमाइंडर लावलाय, आणि त्याला नाव दिलंय कॅथरिना. तोवर बाटल्यांची एक्स्पायरी होऊन जाईल हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.